कामगार न्यायालय आणि मॅटचं काम शिकायचंय – कोर्स करू की ऑफिसातच शिकू?

सातपूरची_टायपिस्ट

नमस्कार मंडळी. मी नाशिकला एका वकीलसाहेबांकडे टायपिंगला आहे. बी.कॉम. झालंय, मराठी आणि इंग्रजी दोन्ही टायपिंगच्या परीक्षा पास आहे. साहेबांकडे निम्म्याहून जास्त प्रकरणं सातपूर-अंबडच्या कंपन्यांतल्या कामगारांची. बाकी तलाठी, पोलीस, पाटबंधारे खात्यातली माणसं, म्हणजे मॅटचं (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं) काम.

आमचे जुने क्लार्ककाका दिवाळीनंतर काम सोडून गावी गेले. तेव्हापासून पक्षकार माझ्याच टेबलासमोर बसतात. साहेब कोर्टातून येईपर्यंत चार वाजतात. तोवर माणूस पिशवीतून कागद काढतो आणि सुरू होतो. कुणी रडतं, कुणी मॅनेजरला शिव्या घालतं. मी दोन-दोन पानं लिहून घेते, आणि साहेब आल्यावर नेमकं जे विचारतात ते त्या दोन पानांत नसतं.

तीन वर्षांचं एलएल.बी. आत्ता जमणार नाही. मुलगा चौथीत आहे, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय. साहेब म्हणतात, "पॅरालीगल म्हणून तयार हो, पगार वाढवतो." इग्नूचा पॅरालीगल डिप्लोमा, विद्यापीठाचा कामगार कायद्याचा डिप्लोमा आणि विधी सेवा प्राधिकरणाचं विधी स्वयंसेवकाचं प्रशिक्षण, एवढं सापडलं. यातलं काय करावं? आणि पक्षकाराला पहिल्या बैठकीत नेमकं काय विचारायचं? कृपया "गुगल करा" असं सांगू नका, तिथूनच आलेय.

---

कोर्टाची_पायरी (कोल्हापूर)

ताई, मी कामगार न्यायालयात वकिलांचा कारकून म्हणून लागलो तेव्हा टाइपरायटर आणि कार्बन होता, आता ई-फायलिंग आहे. पण पक्षकार तोच, त्याची पिशवीही तीच. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या पगाराचा प्रश्न त्यात आहे.

पक्षकार नेहमी अन्यायापासून सुरू करतो. त्याला बोलू द्या, पाणी द्या. पण तुमच्या वहीत पहिली ओळ तारखेची हवी. "शेवटचं काम कधी केलं? गेटवर कधी अडवलं? पत्र हातात कधी पडलं?" या तीन तारखा वेगवेगळ्या असू शकतात, आणि मुदत कुठून मोजायची ते त्यावर ठरतं. १९७१च्या कायद्याखाली, म्हणजे आपण ज्याला एमआरटीयू-पल्प म्हणतो त्याखाली, अनुचित कामगार प्रथेची तक्रार ९० दिवसांत करायची असते. उशिराला माफी मिळते, पण तिच्यासाठी वेगळा अर्ज, वेगळं शपथपत्र आणि त्यावरच वर्षभर भांडण. माणूस ८५व्या दिवशी तुमच्यासमोर बसलेला असेल आणि तुम्ही त्याचं बालपण लिहून घेत असाल, तर साहेब चिडणारच.

दुसरी ओळ दाराची. हा माणूस कुठल्या दारातून आत जाणार? इथे शिकलेली माणसंही घोटाळा करतात. एसटीचा कंडक्टर सरकारी वाटतो, पण त्याचं दार कामगार न्यायालय. महापालिकेचा सफाई कामगारही तिकडेच. तलाठी आणि पोलीस शिपाई मॅटमध्ये. पण जिल्हा परिषदेचा ग्रामसेवक मॅटमध्ये जात नाही, त्याचं विभागीय आयुक्तांकडे अपील आणि पुढे उच्च न्यायालय. पोस्टातला माणूस कॅटमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात. खासगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला काढलं तर १९७७च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरण, आणि तिथे मुदत फक्त ३० दिवस. म्हणून "नोकरी कुठे" एवढं विचारून थांबू नका. "नेमणुकीच्या पत्रावर सही कुणाची आहे?" हे विचारा, आणि ते पत्र बघा.

कंपनीतला माणूस असेल तर पदाच्या नावावर जाऊ नका. कंपन्या सगळ्यांनाच एक्झिक्युटिव्ह आणि सुपरवायझर करून ठेवतात. विचारा: रजा तुम्ही मंजूर करता का? कुणाला मेमो देता का? दिवसभर हाताने काय करता? कामगार या व्याख्येत बसतो की नाही याचं निम्मं उत्तर त्या गप्पांत येतं. नव्या औद्योगिक संबंध संहितेत देखरेखीचं काम करणाऱ्याला महिना १८,००० रुपयांच्या वर पगार असेल तर तो व्याख्येबाहेर जातो, म्हणून पगारपत्रकही तेव्हाच मागायचं.

तिसरं, कागद. पक्षकार जो कागद महत्त्वाचा म्हणून सगळ्यात वर ठेवतो तो बहुतेक वेळा बिनकामाचा असतो (नेत्याचं शिफारसपत्र, वर्तमानपत्राचं कात्रण). तळाशी चुरगळलेला गेटपास, ईएसआयचं कार्ड, ओव्हरटाइमची चिठ्ठी, बोनसची पावती असते. वर्षभरात २४० दिवस काम भरलं (म्हणजे सलग नोकरी झाली) हे दाखवायची जबाबदारी आधी कामगारावर येते, आणि ते या चुरगळलेल्या कागदांतून दाखवता येतं. पीएफचं पासबुक आणि पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी तर जागेवर मोबाइलवर उघडायला लावा. कुठल्या महिन्यापर्यंत भरणा आहे, नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने काय टाकली, कारण काय टाकलं, हे तिथे दिसतं. कंपनी कोर्टात एक सांगते आणि पीएफच्या पोर्टलवर दुसरंच भरलेलं असतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. मूळ कागद ठेवून घेऊ नका. झेरॉक्स काढा, मूळ परत द्या आणि दिल्याची सही घ्या. आमच्याकडे या एका सवयीने बरीच भांडणं टळली.

कायद्यांविषयी थोडं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. पण आधी दाखल झालेली प्रकरणं जुन्या कायद्यांनीच चालणार, आणि एमआरटीयू-पल्प हा राज्याचा कायदा, तो संहितांनी रद्द केलेल्या केंद्रीय कायद्यांच्या यादीत नाही. त्यामुळे तुम्हाला दोन्ही वाचावं लागणार. १९७१चा कायदा घ्या आणि परिशिष्ट ४, म्हणजे मालकाच्या अनुचित प्रथांची यादी, पाठ करा. अगदी पाढ्यासारखं. बाब १, म्हणजे कामावरून काढणं, कामगार न्यायालयात. बाब ५, ६, ९ औद्योगिक न्यायालयात. बाब ६ म्हणजे बदली कामगार किंवा तात्पुरता म्हणून वर्षानुवर्षं राबवून कायम न करणं. पण कारखान्यात मान्यताप्राप्त युनियन असेल तर कलम २१ प्रमाणे बाब २ आणि ६ची तक्रार एकट्या कामगाराला करता येत नाही, युनियनमार्फतच करावी लागते. म्हणून "युनियन आहे का, आणि असेल तर मान्यताप्राप्त आहे का?" हा प्रश्न वहीत हवाच. नुसती नोंदणीकृत युनियन वेगळी, मान्यताप्राप्त वेगळी.

कोर्स: इग्नूचा डिप्लोमा बारावीवर होतो, वर्षभराचा, घरबसल्या. कायद्याची भाषा ओळखीची होते. विधी सेवा प्राधिकरणाचं प्रशिक्षण जरूर घ्या, पण ते समाजकार्य आहे, तिथलं काम करताना पक्षकाराकडून पैसे घेता येत नाहीत. तुमच्यासाठी माझं मत कामगार कायद्याच्या डिप्लोम्याला. पदवीधराला वर्षभराचा, वर्ग बहुतेक सकाळी नाहीतर संध्याकाळी. पण तो करून कुणी कारकून झाल्याचं मी बघितलेलं नाही. कारकून रोजनामा (कोर्टात तारखेतारखेला काय झालं त्याची नोंद) वाचून होतो. तुमच्या ऑफिसातल्या निकाल लागलेल्या फायली काढा. रोज एक. पहिल्या पानापासून निकालापर्यंत. आमच्याकडे कामगाराच्या बाजूच्या कागदाला यु, कंपनीच्या बाजूच्या कागदाला सी आणि कोर्टाच्या हुकुमाला ओ असा निशाणी क्रमांक पडतो. यु-२ला काय मागितलं, सी-च्या म्हणण्यात त्यावर काय उत्तर आलं आणि ओ-मध्ये कोर्टाने काय दिलं, हे तीन कागद शेजारी ठेवून वाचले की कुठलाही प्राध्यापक लागत नाही.

---

आस्थापना_शाखा_निवृत्त

कोल्हापूरकरांनी कामगारांची बाजू उत्तम सांगितली. मी सरकारी बाजूचं लिहितो. नोकरीचा बराचसा काळ जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत गेला. दोषारोपपत्रं तयार केली, आणि नंतर बचाव सहायक म्हणून सहकाऱ्यांच्या बाजूने बसलोही. दोन्ही खुर्च्यांतून विभागीय चौकशी पाहिली आहे.

ताई, मॅटचं काम तुम्हाला कामगार न्यायालयापेक्षा सोपं जाईल, कारण तिथे साक्षीपुरावा क्वचित, सगळं कागदावर. प्रकरण मूळ अर्जावर चालतं, आदेशापासून एक वर्षाची मुदत. आधी खात्यातलं अपील किंवा अभिवेदन (वरिष्ठांकडे लेखी दाद) करावं लागतं. त्याचं उत्तर आलं नाही तर सहा महिने थांबायचं आणि तिथून पुढे एक वर्ष. लोक काय करतात, दर तीन महिन्यांनी स्मरणपत्र देत राहतात आणि समजतात की मुदत वाढली. वाढत नाही. फाइल जाड होते एवढंच. त्यामुळे पक्षकाराने आणलेल्या गठ्ठ्यातलं पहिलं अभिवेदन शोधा, त्यावरचा आवक शिक्का वाचा. शिक्का नसेल तर रजिस्टर पोस्टाची पोच. दोन्ही नसेल तर तसं साहेबांना लगेच सांगा.

चौकशीचं प्रकरण असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ हे पुस्तक टेबलावर हवं. नियम ८ मोठ्या शिक्षेचा, नियम १० किरकोळ शिक्षेचा. नोटीस कुठल्या नियमाखाली आहे हे पहिल्या परिच्छेदातच असतं आणि माणूस तेच वाचत नाही, तो आरोप वाचून घाबरतो. दोषारोपपत्राची चारही जोडपत्रं आली का ते बघा: आरोप, आरोपांचा तपशील, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. यादीतला कागद प्रत्यक्षात दिला का? दिला नसेल तर मागणीचा अर्ज दिला का, कधी दिला? मॅटमध्ये चौकशी टिकते की पडते ते पुष्कळदा इथे ठरतं.

निलंबनाचं असेल तर तारीख आणि दोषारोपपत्र बजावल्याची तारीख, या दोन्ही शेजारी-शेजारी लिहा. सर्वोच्च न्यायालयाने अजयकुमार चौधरी प्रकरणात २०१५ साली तीन महिन्यांची मर्यादा घातली आणि त्यावर राज्याचा ९ जुलै २०१९चा शासन निर्णय आहे. दोन तारखांत ९० दिवसांपेक्षा जास्त अंतर दिसलं की साहेबांना वेगळी चिठ्ठी लावा.

आणि निवृत्तांची वसुली. वेतन पडताळणी पथकाने आक्षेप काढला, "तुम्हाला बारा वर्षांपूर्वी चुकीची वेतननिश्चिती झाली, आता दोन लाख भरा", असे रडवेले लोक तुमच्याकडे येतील. सर्वोच्च न्यायालयाचा रफिक मसीह निकाल, डिसेंबर २०१४. वर्ग ३ आणि ४चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, पाच वर्षांहून जुनं जादा प्रदान, अशांकडून वसुली करता येत नाही. पण लगेच "काका, काळजी करू नका" म्हणू नका. विचारा, वेतननिश्चितीच्या वेळी "जादा पैसे आले तर परत करीन" असं हमीपत्र लिहून दिलं होतं का? २०१६च्या जगदेव सिंग निकालात हमीपत्रामुळे वसुली कायम राहिली, आणि सरकारी बाजू पहिल्याच तारखेला तो निकाल पुढे करते. हमीपत्र सेवापुस्तकात चिकटवलेलं असतं. माणसाला आठवत नाही, त्याने शंभर कागदांवर सह्या केलेल्या असतात.

सेवापुस्तकाची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकार. अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयाचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. स्वतःच्या सेवापुस्तकाची प्रत मागितली तर वैयक्तिक माहितीचं कारण सांगून नाकारता येत नाही. दुसऱ्या कर्मचाऱ्याचं मागितलं तर सर्वोच्च न्यायालयाचा गिरीश देशपांडे निकाल दाखवून नाकारतात, म्हणून तुलनेसाठी कागद हवे असतील तर ज्येष्ठता यादी आणि पदोन्नतीचे आदेश मागा. शासन निर्णय शोधताना तारखेबरोबर वरचा संकेतांक लिहून ठेवायची सवय लावा. एकाच तारखेला एकाच विभागाचे चार निर्णय निघतात, मी स्वतः काढलेत.

---

चाकणची_एचआर

मी हा कामगार कायद्याचा डिप्लोमा केलाय आणि सध्या कंपनीच्या बाजूने बसते, त्यामुळे थोडा वेगळा सूर लावते. पायरीकाका, राग मानू नका, पण फक्त जुन्या फायली वाचून आता भागणार नाही. नव्या संहितांत वेतनाची व्याख्या बदललीय. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हिशेबही बदलतो. ठराविक मुदतीच्या कामगाराला एका वर्षावर ग्रॅच्युइटी. नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब. कंपन्यांची धावपळ चालू आहे, आणि हे हिशेब ज्या मुलीला बिनचूक येतात तिला वकील ऑफिसातच नाही, कंपनीतही जागा आहे. टायपिस्टताई, एक्सेल शिका.

हिशेबाचं उदाहरण: शेवटचं वेतन १८,२००, नोकरी ११ वर्षं ७ महिने. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष, म्हणून १२. १८,२०० भागिले २६ म्हणजे ७००, गुणिले १५, गुणिले १२. १,२६,००० रुपये. पक्षकाराला हा आकडा समोर लिहून दाखवला की तो शांत होतो. आमच्याकडे तरी कामगार आकड्यावर विश्वास ठेवतात, आश्वासनावर नाही.

---

कोर्टाची_पायरी (कोल्हापूर)

राग कसला, बरोबर आहे तुमचं. फक्त एक. आकडा साहेबांनी बघितल्याशिवाय पक्षकाराला दाखवू नये. तो तोच आकडा घेऊन कंपनीत जातो आणि "वकिलाने लिहून दिलंय" म्हणतो. सल्ला देणं, सही करणं, कोर्टापुढे उभं राहणं हे सनदवाल्याचं काम. (युनियनचे पदाधिकारी कामगार न्यायालयात उभे राहतात, ती कायद्यानेच दिलेली सवलत आहे, ती आपल्याला लागू नाही.)

---

सातपूरची_टायपिस्ट

काका, तुम्हा तिघांचेही खूप आभार. प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. लगेच एक अडचण. काल अंबडच्या एका कंपनीतला मुलगा आला, नऊ वर्षं मशीनवर. त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला म्हणतो, केबिनमध्ये बसवून, मोबाइल काढून घेऊन. त्याला चार महिने झाले. म्हणजे ९० दिवस गेले. साहेब मुंबईला मॅटमध्ये आहेत, परवा येतील. तोवर मी काय तयार ठेवू? त्याच्याकडे व्हॉट्सॲपवर सुपरवायझरचे मेसेज आहेत.

---

कोर्टाची_पायरी (कोल्हापूर)

९० दिवस गेले म्हणून दार बंद झालं असं त्याला चुकूनही सांगू नका. विलंबमाफीच्या अर्जासह तक्रार हा एक रस्ता. दुसरा, कामगार आयुक्त कार्यालयात वाद उपस्थित करून समेटाचा. नव्या संहितेत तिथे दोन वर्षांची मर्यादा आहे, त्यात तो बसतो. कुठला घ्यायचा ते साहेब ठरवतील. तुम्ही दोन्हींना लागेल असं तयार ठेवा.

तारखांचा कागद करा: राजीनामा कधी, किती वाजता, कुठल्या केबिनमध्ये, कोण-कोण हजर. दुसऱ्या दिवशी गेटवर गेला होता का? कुणाला फोन केला? चार महिन्यांत कंपनीला किंवा कामगार कार्यालयाला काही लेखी दिलं का, रजिस्टर पोस्ट, ईमेल, काहीही? राजीनाम्यानंतर लगेच हरकत घेतली असेल तर प्रकरणात जीव आहे. हिशेबाचे पैसे खात्यात आले का, आले तर घेतले का, परत पाठवले का? बँकेचं स्टेटमेंट मागा. राजीनाम्याची भाषा कुठली? मशीनवरचा मुलगा इंग्रजीत "पर्सनल रीझन्स" लिहीत नाही. त्याच दिवशी आणखी कुणाकुणाचे राजीनामे घेतले? एकाच मजकुराचे पाच निघाले तर साहेब खूश होतील. उशिराचं कारण त्याच्या तोंडून जसं येईल तसं लिहा, आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद.

मेसेजचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. नव्या साक्ष अधिनियमातल्या कलम ६३चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून त्याला सांगा, फोन बदलू नको, विकू नको, चॅट डिलीट करू नको. नंबर सेव्ह केलेल्या नावासकट आणि तारखेसकट दिसेल असे फोटो काढून ठेवा.

---

आस्थापना_शाखा_निवृत्त

आणि पीएफचं पासबुक. सोडल्याची तारीख आणि कारण.

---

सातपूरची_टायपिस्ट

आत्ताच फोनवर त्याला उघडायला लावलं. सोडल्याची तारीख राजीनाम्याच्या आठ दिवस आधीची टाकलीय. आणि त्या आठ दिवसांतले गेटपास आहेत म्हणतो त्याच्याकडे.

---

कोर्टाची_पायरी (कोल्हापूर)

झेरॉक्स काढा, मूळ परत द्या, सही घ्या. आणि साहेबांना आज रात्रीच मेसेज टाका, परवापर्यंत थांबू नका.